पातीएवढं अंतर

रेघ बोटाखाली उमटत नव्हती. बोट टेकलं की त्याच्या उजवीकडे, जराशी वर, कांद्याच्या पातीच्या रुंदीएवढी जागा सोडून उमटायची. थोरलीनं फळ्याच्या चारही कोपऱ्यांत बोट टेकवून पाहिलं. मधोमध टेकवलं. मग चपला काढून खुर्चीवर चढली आणि अगदी वरच्या कडेलाही एक टिंब काढून आली. अंतर सगळीकडे तेच.

ते बदलत असतं तर तिनं यंत्र बिघडलं म्हटलं असतं. बदलत नव्हतं, म्हणून तिला तो फळ्याचा स्वभाव वाटला. पाण्यातला मासा असतो तिथं दिसत नाही. भाला मारणारा तो दिसतो त्याच्या खाली मारतो. वाटीत नाणं ठेवून, वर पाणी ओतून ती हे सातवीला दरवर्षी शिकवत आली होती. फळ्याची काच चांगली जाड होती. आत उजेड वळत असणार, असं तिनं स्वतःशी ठरवलं आणि बोट मुद्दाम डावीकडे, थोडं खाली टेकवून 'विद्युत परिपथ' असं लिहिलं. अक्षरं हवी तिथं उतरली. वळण मात्र लहान मुलासारखं आलं.

तिनं ते पुसलं आणि पुन्हा लिहिलं.

शाळा सुटून गेली होती. व्हरांड्यात शिपाई बाकं ओढत होता. त्याला तिनं सांगितलं होतं की वह्या तपासायच्या आहेत, आणि घरीही तेच सांगितलं होतं. वह्यांचा गठ्ठा खिडकीत तसाच बांधलेला होता.

हा नवा डिजिटल फळा आला तेव्हा टेम्पोतून उतरवताना एक टोक तिनंही धरलं होतं. पण मुख्याध्यापकांनी त्याचा रिमोट दिला तो धाकटीच्या हातात. धाकटी म्हणजे तिची जाऊ. दोघी एकाच घरात नांदायच्या आणि एकाच शाळेत विज्ञान शिकवायच्या, थोरली सातवीला, धाकटी आठवीला. प्रशिक्षणाला पाठवायची वेळ आली तेव्हाही मुख्याध्यापक म्हणाले, "तुम्हाला कशाला त्रास, बाई. तुमचा खडूच बरा." त्यांनी ते मायेनं म्हटलं होतं, आणि तेच तिला जास्त लागलं होतं.

तेव्हापासून मुलांच्या तोंडी दोन शब्द पडले. खडूवाली ती बाई, फळ्यावाली ती मॅडम. कुणी शिकवलं नव्हतं, आपोआप झालं. धाकटी व्हरांड्यातून गेली की मुलं म्हणत, "मॅडम, आज व्हिडिओ आहे?" थोरली गेली की म्हणत, "बाई, आज चाचणी आहे?"

यंदा पाऊस हुकला आणि कामाच्या शोधात घरंच्या घरं मुलाबाळांसकट निघून गेली. पट अर्ध्यावर आला. सातवी-आठवी एकत्र बसवायची ठरली आणि विज्ञानाला एकच बाई पुरेशी झाली. उरलेलीनं पहिलीचा वर्ग घ्यायचा होता, कारण पहिलीचे गुरुजी बदली घेऊन गेले होते.

"तुम्ही एका घरातल्या," मुख्याध्यापक म्हणाले होते. "मी मध्ये पडणार नाही. घरीच ठरवा आणि मला सांगा."

घरी गेल्यावर दोघींनी चहा केला, पाणी भरलं, म्हशीपुढं चारा टाकला. ठरवलं काहीच नाही.

*

कांदे काढून झाले होते. पाण्याअभावी ते लहानच राहिले होते, पण शेडमध्ये ढीग बऱ्यापैकी लागला होता. संध्याकाळी दोघी जावा आणि सासूबाई ढिगाभोवती बसून विळ्यानं पात कापायच्या. एका हातात कांदा, दुसऱ्यात विळा. पात मानेपाशी कापायची, कांद्याला धक्का लागू द्यायचा नाही आणि फार लांबही ठेवायची नाही. थोरलीचा अंगठा उभा चिरला होता. चिरेत माती बसून काळी रेघ झाली होती, घासून निघत नव्हती.

धाकटी हातमोजे घालून बसायची.

"मोजे घालून कांदा कळतो का गं हाताला?" सासूबाई म्हणाल्या.

"नासका कळतो, आई. तेवढं पुरे."

"आमच्या वेळी नवरासुद्धा मोजे न घालता ओळखावा लागायचा."

धाकटी खळखळून हसली. थोरलीलाही हसू आलं, पण तिनं ते कांद्याकडे बघत गिळलं. धाकटीबरोबर हसायचं नाही, असं तिनं हल्ली ठरवून टाकलं होतं.

थोरलीचा नवरा पाटी घेऊन आला. कापलेले कांदे भरता भरता म्हणाला, "मुख्याध्यापक भेटले वाटेत. काय ठरलं विचारत होते."

विळे चालूच राहिले.

"एवढं काय त्यात ठरवायचं," सासूबाई म्हणाल्या. "थोरलीनं मन मोठं करावं. धाकटीला ते यंत्र येतं. थोरलीला लहान मुलांचा लळा आहे."

"मला कसला लळा?" थोरली म्हणाली.

"असतो. असायला काय झालं."

"आई, ताईंना ठरवू द्या," धाकटी म्हणाली. "त्या म्हणतील तसं."

ती हे अगदी शांतपणे म्हणाली आणि थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. 'त्या म्हणतील तसं' म्हणजे त्या काय म्हणणार हे सगळ्यांना ठाऊक आहे. लग्न होऊन आली तेव्हापासून हे मोठं मन तिच्या मागं लागलं होतं. पुढची खोली धाकट्या दिराला दिली, मन मोठं केलं. दीर ट्रकवर महिना महिना बाहेर असतो म्हणून धाकटीच्या वाटचं पहाटेचं पाणी हिनं भरलं, मन मोठं केलं. कधीतरी एकदा ते लहान करून बघावं असं तिला वाटत होतं.

"बघू," ती म्हणाली आणि पुढचा कांदा उचलला.

*

रोज शाळा सुटली की ती फळ्यापाशी उभी राहायची. आधी अक्षरं, मग आकृत्या. बोट टेकण्याआधी डोळ्यांनी जागा धरायची, तिथून पातीएवढं डावीकडे यायचं, किंचित उतरायचं आणि मग टेकायचं. पहिल्यांदा प्रत्येक अक्षराला विचार करावा लागला. मग शब्दाला. मग हातच शिकला. घट, तार, कळ, दिवा. फळ्यात एक सोय होती: चारही वस्तू दिसायच्या आणि आपण बोटानं तार ओढून जोडायची. तार टोकाला नीट टेकली तर पडद्यावरचा दिवा पेटायचा. तो पहिल्यांदा पेटला तेव्हा रिकाम्या वर्गात ती मागं वळून बघून आली, कुणी पाहिलं तर नाही ना.

धाकटीला विचारायचं तिच्या मनात एकदा आलं होतं. पाणी भरताना शब्द ओठांवर आले, "त्या फळ्यावर रेघ जरा बाजूला पडते, नाही का?" पण त्याच वेळी धाकटीचा फोन वाजला. दुसऱ्या शाळेतली कुणी शिक्षिका तिला काहीतरी अडलेलं विचारत होती. धाकटी घागर बाजूला ठेवून समजावत राहिली, किती सोपं आहे ते सांगत राहिली. थोरलीनं दोन्ही घागरी उचलल्या आणि चालू लागली.

धाकटी स्वतः फळ्याला क्वचितच हात लावायची. टेबलाशी बसून लॅपटॉपवरून सगळं चालवायची. मुलं पडद्याकडे बघत, ती मुलांकडे बघे. थोरलीनं हे खिडकीतून पाहिलं होतं. वर्ग कसा शांत होता! तिच्या तासाला इतकी शांतता कधी नसे. तास संपायच्या आत ती तिथून निघून गेली होती.

एका सकाळी धाकटी शिपायाला म्हणाली, "काका, फळ्याला कांद्याचा वास कसा येतोय?"

"उंदीर असतील," शिपाई म्हणाला.

"कांदे खाणारे?"

थोरली हजेरी घेत होती. तिचं एक नाव चुकलं. त्या संध्याकाळपासून ती हात साबणानं दोनदा धुऊन फळ्यापाशी जाऊ लागली.

मग एक दिवस तिनं सातवीचा वर्ग तिथं नेला आणि मुलांदेखत परिपथ जोडला. हात सरळ गेला. दिवा पेटला. मागच्या बाकावर एक मुलगी बसायची, बारमाही सर्दीची, सतत नाक ओढणारी. ती उत्साहानं ओरडली, "मॅडम, परत!"

आणि जीभ चावून म्हणाली, "बाई."

थोरलीनं तार परत जोडून दाखवली. दिवसभर तो शब्द तिच्या कानात गोड वाजत होता, आणि तो गोड वाटतोय याचा रागही येत होता.

*

मुख्याध्यापकांनी शेवटी वाट बघणं सोडलं. दोघींनी एकेक तास घ्यावा, तपासणीस बघायला येतील, विषय एकच, परिपथ. "म्हणजे कुणाला वाईट वाटायला नको," ते म्हणाले.

सासूबाई म्हणाल्या, "एका घरच्या बायकांची झुंज लावतायत."

त्या दिवशी धाकटी शाळेत लवकर गेली. पहिला तास तिचा होता. थोरली मागच्या भिंतीशी तपासणीसांच्या शेजारी बसली. पडद्यावर तारांतून निळे ठिपके धावले, दिवा पेटला, विझला, पेटला. मुलं गप्प होती. प्रश्न विचारला की पडद्यावर वाचलेलं जसंच्या तसं म्हणत होती. तपासणीस मान डोलवत होते. धाकटीचा आवाज कुठंच चढला नाही.

मग थोरली उठली.

तिनं खडू आणला नव्हता. मुद्दामच. वर्गाकडे पाठ करून तिनं डोळ्यांनी जागा धरली, पातीएवढी डावीकडे आली आणि लिहू लागली. शब्द तिला हवा होता तिथून सरकून उमटला, पहिलं अक्षर पडद्याच्या कडेत अर्धं गेलं. तिला वाटलं, आपण घाबरलो आहोत. तिनं ते तसंच सोडून घट आणि दिवा पडद्यावर घेतले आणि तार ओढली. तार घटाच्या अलीकडे सुरू झाली आणि दिव्याच्या अलीकडे संपली. दोन्ही टोकं हवेत.

दिवा पेटला नाही.

ती आणखी डावीकडे गेली. तार आणखी लांब राहिली. तिसऱ्यांदा तिनं बोट इतकं दाबलं की अंगठ्याची चीर उलली. मागून कुणीतरी फिसकन हसलं. एक म्हणाला, "बाई, चष्मा!" आणि मग बरेच हसले.

तेवढ्यात ती सर्दीवाली मुलगी उभी राहिली. हसत नव्हती. "बाई," ती म्हणाली, "तार मध्येच संपलीय हे घटाला कसं कळतं? वीज निघते आणि परत येते, का निघतच नाही?"

थोरलीनं तिच्याकडे पाहिलं. प्रश्न ऐकू आला, पण तो जणू दुसऱ्या खोलीत कुणीतरी विचारला होता. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या.

"खाली बस," ती म्हणाली.

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. धाकटी टेबलाशी आली, लॅपटॉपवर वाकली, आणि पडद्यावरची तार तिच्या हाताविना सरकून नेमकी दोन्ही टोकांना चिकटली. दिवा पेटला. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

"झालं, ताई," धाकटी हळूच म्हणाली. "करा पुढं."

*

संध्याकाळी शेडमध्ये विळ्यांचाच आवाज होता. सासूबाई काय झालं ते विचारत नव्हत्या, याचा अर्थ त्यांना कळलं होतं. वारा पडला होता. कांद्याच्या सालींचा फोल जमिनीवर हलतही नव्हता.

"सकाळी तू लवकर का गेलीस?" थोरलीनं विचारलं.

धाकटीनं हातमोजे काढून मांडीवर ठेवले. "फळा नीट करायला. त्याची जुळणी बिघडली होती. चार कोपऱ्यांना बोट लावून करायची असते. मला माहीतच नव्हतं बिघडलीय ते. मी कुठं हात लावते त्याला?"

"मग कसं कळलं?"

"बोटांचे ठसे दिसले काचेवर. वास तर रोज यायचा." तिनं एक कांदा हातात घेतला. "मला माहीत होतं तुम्ही सराव करता ते. काल मी सहज बोट टेकवलं तर रेघ भलतीकडेच. म्हटलं, ताई याच्यावर लिहितात तरी कशा?"

"आणि सरळ केलास. मला न सांगता."

"तुम्ही लपवत होतात. सांगायचं म्हणजे मला माहीत आहे हे सांगायचं."

"तास माझा होता. वर्ग माझा होता. हसले ते मला."

"मग तुम्ही मला का नाही विचारलं? इतके दिवस? एका शब्दाचं काम होतं."

"तुला विचारू?" थोरलीचा आवाज चढला. "सगळ्या गावाला फोनवर शिकवतेस. त्यांच्या रांगेत मी उभी राहू?"

"हळू गं," सासूबाई म्हणाल्या. "म्हैस दूध चोरेल."

 धाकटी खाली बघून कांद्याचं साल सोलत राहिली, नको तितकं, पांढरं दिसेपर्यंत.

"सांगणार होते," ती म्हणाली. "सकाळी तुम्ही फाटकातून आलात तेव्हा सांगणारच होते. नाही सांगितलं."

"का?"

"परवा खिडकीतून बघितलं तुम्हाला. सातवीचा तास. वाकड्या फळ्यावर तुम्ही सरळ लिहीत होतात. आणि पोरं नुसती प्रश्न विचारत होती. माझ्या तासाला विचारतं कोण? टीव्ही बघितल्यासारखी बसतात. घरी जाताना मात्र, बाईंना विचारू, बाईंना विचारू." तिनं सोललेला कांदा ढिगावर टाकला. "मला नाही बघवलं. झालं आता समाधान?"

थोरलीला समाधान झालं नाही. पण इतके दिवस आपल्याच पोटात आहे असं वाटलेलं काहीतरी समोर, मोजे काढून बसलेलं दिसलं, आणि ते काही फार वेगळं दिसत नव्हतं.

ती कांदे कापत राहिली. विचार करताना तिचा हात चुकत नसे. उजेड काचेत वळत असता तर डोकं हलवल्यावर रेघेचं अंतर बदलायला हवं होतं. ती खुर्चीवर चढली होती, वाकली होती, बाजूला झाली होती. अंतर बदललं नव्हतं. हे तिला दिसलं नव्हतं असं नाही. मुलाच्या वहीत असं दिसलं असतं तर तिनं लाल शाईनं लिहिलं असतं, पुन्हा पडताळून पाहा. स्वतःच्या वेळी तिनं पडताळलं नाही, कारण पडताळायला धाकटीला विचारावं लागलं असतं.

आणि तो प्रश्न. वीज निघते आणि परत येते, का निघतच नाही? इतक्या वर्षांत सातवीतल्या कुणी तिला हे विचारलं नव्हतं. दिवा पेटला नाही म्हणूनच ते त्या पोरीला सुचलं होतं. आणि तिनं काय सांगितलं? खाली बस.

शेडच्या तोंडाशी सायकल टेकवल्याचा आवाज झाला. मुख्याध्यापक पिशवी घेऊन आत आले. "कांदे न्यायला आलो," ते म्हणाले, पण पिशवी त्यांनी घडी करून काखेतच ठेवली. थोरलीच्या नवऱ्यानं उपडी पाटी पुढं सरकवली. ते पाटीवर बसले.

"तपासणीस काय म्हणाले?" सासूबाईंनी विचारलं.

"ते म्हणाले, तुम्हीच ठरवा." त्यांनी घसा साफ केला. "उद्या वेळापत्रक लावायचंय. बाई, आजचं मनाला लावून घेऊ नका. यंत्र आहे, होतं असं. पहिलीची मुलं फार गोड आहेत हो. तुमच्या हाताखाली त्यांचं अक्षर सुधारेल."

"तेच म्हणते मी," सासूबाई म्हणाल्या. "थोरलीचं मन मोठंच आहे. तिनं मनात ठरवलंय, फक्त बोलत नाही."

नवऱ्यानं हातातली भरलेली पाटी खाली ठेवली. धाकटीनं मोजे पुन्हा चढवायला घेतले होते. एकच बोट आत गेलं आणि ती तशीच थांबली.

थोरलीनं विळा सालींवर आडवा ठेवला. अंगठ्याच्या चिरेतून रक्त येऊन सुकलं होतं. तिनं ते दुसऱ्या हातानं झाकलं आणि मुख्याध्यापकांकडे नाही, धाकटीकडे पाहिलं.

"माझं मन काही मोठं नाही," ती म्हणाली. "विज्ञान मी सोडणार नाही, सर. त्या पोरीला उत्तर द्यायचं राहिलंय. पहिली धाकटीला द्या. आणि धाकटे, उद्या शाळा सुटली की घरी पळायचं नाही. तो फळा कसा जुळवतात ते मला शिकवायचं, चारही कोपरे, पहिल्यापासून."